कारभाराची बैठक सर्वांसाठी खुली ठेवताना

स्वयंसेवी संस्थेची बैठक खुली ठेवायची, तर सर्वांत आधी विषयपत्रिका हातात घ्या. ती निदान आठवडाभर आधी सभासदांकडे, स्वयंसेवकांकडे आणि ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्याकडेही पोचायला हवी. तीत ‘वाहनखर्चाबाबत’ असं मोघम नको. ‘जुनी गाडी विकून भाड्याची घ्यावी का?’ असा सरळ प्रश्न लिहा आणि विषय माहितीसाठी आहे, चर्चेसाठी की निर्णयासाठी, तेही तिथेच नोंदवा. लोक त्यावरूनच यायचं की नाही ते ठरवतात. सोबतचे कागदही तेव्हाच द्या. ऐन सभेत वाटलेला अहवाल कुणी वाचत नाही, त्यावर नुसत्या माना डोलतात. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात पैशाचा ठराव तर अजिबात येऊ देऊ नका. न आलेल्यांवर तो सरळ अन्याय आहे.

खजिनदारांना आधीच सांगून ठेवा की जमाखर्चात अंदाज, प्रत्यक्ष आणि फरक असे तीन रकाने हवेत. ठरावीक कामासाठी आलेली देणगी वेगळी दाखवा, नाहीतर बँकेतली शिल्लक बघून सगळा पैसा मोकळाच वाटतो.

सुरुवातीलाच हितसंबंध विचारा. ज्याच्या भावाचं दरपत्रक आलंय, त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसावं आणि तशी नोंद व्हावी.

काही गोष्टी बंद दाराआडच हव्यात: मदत घेणाऱ्याची ओळख, कर्मचाऱ्याची खासगी बाब, छळाची तक्रार. मात्र विषयाचं स्वरूप आणि तो बंद ठेवण्याचं कारण आधी जाहीर करा आणि सांगण्याजोगा निर्णय नंतर कळवा. एवढं पाळलं नाही तर कुजबुज सुरू होते, आणि ती फार काळ पुरते.

नोकरी-घर सांभाळून काम करणाऱ्यांना प्रत्येक बैठक जमत नाही. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ही सर्वांना मोफत वापरता येणारं सॉफ्टवेअर घडवणारी संस्था. तिच्या प्रकल्पांमध्ये मतदान सहसा निदान ७२ तास खुलं ठेवतात, कारण त्यांचे स्वयंसेवक जगभर विखुरलेले आहेत. घाई नसलेल्या निर्णयांना तेवढी मुदत कुठलीही संस्था देऊ शकते. लेखी मत कुणाकडे द्यायचं, तेही सूचनापत्रातच लिहा.

इतिवृत्त कोण लिहिणार ते आधी ठरवा. अध्यक्षांनी ते काम घेऊ नये. त्यात ठराव, सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्याने दिलेलं कारण यावं. कच्चा मसुदा आठवड्याच्या आत सर्वांना पाठवा, आणि लोकांच्या ज्या सूचना मान्य झाल्या नाहीत त्यांच्यापुढे का नाही, ते एका ओळीत लिहा.