टोप घ्यायचा, तर आधी टेप घ्या

देवळी तालुक्यातल्या एका गावात माझं शिलाईचं काम चालतं. ब्लाऊज, परकर, पोरींचे फ्रॉक. दोन वर्षांआधी सेवाग्रामला माझी किमो सुरू झाली आणि पहिल्या सलाईननंतर 17व्या दिवशी उशीवर केसांचा पुंजका दिसला. दोन-तीन आठवड्यांत जातील, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तेव्हापासून केसांचे तीन टोप, म्हणजे विग, झाले. एक वाया गेला, एक जळाला, तिसरा अजून धड आहे. आता आजूबाजूच्या गावांतल्या बाया विचारायला येतात, म्हणून लिहून ठेवते.

केस डोक्यावर आहेत तोवरच उजेडात एक फोटो काढा, भांग दिसेल असा. आणि कानामागची एक बट कापून कागदात बांधून ठेवा, रंग तिच्यावरूनच जुळतो. आपले केस काळेच, असं आपण धरून चालतो. माझी बट उन्हात धरली तर चक्क तपकिरी निघाली. पहिला टोप मी नुसतं "काळा द्या" म्हणून आणला होता. शाईसारखा काळा, वरून चकचकीत, आणि इतका दाट की मीच आरशात बावरली. पंचेचाळिशीच्या बाईला थोडा विरळ, चार पांढरे मिसळलेलाच शोभतो.

आता माप. कपाळावर केस सुरू होतात तिथून टेप कानामागून मानेच्या खोबणीत न्या आणि दुसऱ्या बाजूने परत आणा. बहुतेक बायांचा फेर 21½ ते 22½ इंच भरतो. मी केस होते तेव्हाच मोजून मोकळी झाली, ती चूक. केस गेल्यावर फेर अर्ध्या इंचाने उतरला. आत मागच्या बाजूला आवळायच्या पट्ट्या असतात, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. एसटीत खिडकीजवळ बसली, वारा आला आणि टोप मागे सरकला. मागच्या सीटवरचं पोट्टं हळूच म्हणालं, "मावशी, तुमचे केस घसरून राहिले." हसलं नाही बिचारं.

त्याच टोपाची दुसरी कथा. दुकानदाराने तो "असली केसांचा" म्हणून दिला होता आणि पैसेही तसेच घेतले होते. आम्ही शिलाईवाल्या कापड ओळखायला दोरा जाळून बघतो. सुती असला तर राख होते, टेरिकॉट असलं तर गोळा होतो. घरी येऊन टोपातला एक केस चिमट्यात धरला, काडी लावली. वितळला, आणि टोकाला मोहरीएवढा टणक मणी. खरा केस जळतो तेव्हा पिसं जळाल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. ही परीक्षा पैसे देण्याआधी करा. दुकानदार नको म्हणाला तर उठून या.

नकली केस वाईट असतात असं नाही. ते हलके, स्वस्त, धुतल्यावरही वळण तसंच राहतं. रोज घातला तर चार-सहा महिने निघतात. वैर फक्त आचेशी. दुसरा टोप मी जाणूनबुजून नकली केसांचाच घेतला आणि तो घालून चुलीपुढे भाकरी टाकायला बसली. फुंकणीने फुंकलं, जाळ उसळला, कपाळावरच्या बटा सुतळीसारख्या आखडल्या. त्या परत सरळ होत नाहीत. गॅस असला तरी कुकरची वाफ तेच करते. म्हणून घरात टोप नकोच, सुती रुमाल बांधा. टोप बाहेर जायला.

तिसरा खऱ्या केसांचा घेतला. चार महिन्यांच्या शिलाईचे पैसे गेले. तो नीट सांभाळला तर वर्षभर, त्याहूनही जास्त टिकतो, पण त्याचे लाड फार.

पैसे कुठे घालायचे? पुढच्या कडेला बारीक जाळी असली की केस कपाळातूनच उगवल्यासारखे दिसतात. माथ्यावरही जाळी असलेले टोप आणखी महाग असतात. डोक्यावर पदर घेणाऱ्या बाईचे पुढचे चार बोटं केसच दिसतात, मग माथ्याचे पैसे कशाला? मी पुढे जाळी आणि मागे नुसत्या शिवलेल्या पट्ट्या असलेला घेतला. पट्ट्यांच्या फटींतून हवा लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45च्या घरात असतो.

टोप बसवायची चिकटपट्टी मात्र आपल्या उन्हाळ्यात भरवशाची नाही, घामाने सुटते. लावायचीच असेल तर कोपराच्या आत तुकडा लावून एक दिवस बघा. किमोनंतर चामडी फार नाजूक असते. मी सासऱ्यांच्या जुन्या, मऊ पडलेल्या धोतराची टोपी शिवली आणि टोप तिच्यावर बसवला. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, नाहीतर टकलाला टोचते.

चाई पडून जागोजागचे केस गेलेल्यांनी पूर्ण टोपाची घाई करू नये. आधी चामडीच्या डॉक्टरकडे जा, पुष्कळांचे केस परत येतात. तोवर झाकायला क्लिपांचा छोटा तुकडा मिळतो, पण क्लिप दाट केसांतच खोचा. विरळ जागी ओढ बसून आहेत तेही जातात. आणि लाज कसली? आमच्या आजीच्या वेणीत गंगावन असायचं, ती ते सगळ्यांसमोर ओट्यावर विंचरायची.

धुताना थंड पाणी, चमचाभर शाम्पू, चोळायचं नाही. टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. वाळल्यावर मोठ्या दातांचा कंगवा, टोकापासून वर. नकली केसांना तेल लावू नका, पार चिकट होतात. मी टोप पाणी भरायच्या उलट्या गुंडावर ठेवते. पहिल्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि ओरडल्या, "अवं माय! कोण बसून राहिलं वं तिथं?"

माझे केस किमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत दिसायला लागले, आधी कधी नव्हते असे कुरळे. ते वाढले तसा टोप कपाळाला काचायला लागला, मागची पट्टी परत एक घर ढिली करावी लागली.