बेबी फ्रॉकच्या बावीस इंच चुण्या

शिवण क्लासला झबलं झालं की बेबी फ्रॉक येतो आणि बेबी फ्रॉकबरोबर चुण्या. माझं घोडं तिथेच अडलं. मी चौतिसाव्या वर्षी क्लास लावला होता. बरोबरच्या मुली विशीतल्या, त्यांचे हात भराभर चालायचे. इकडे माझा दोरा तिसऱ्यांदा तुटला होता, तोही सगळ्या चुण्या जमून आल्यावर, शेवटच्या दोन इंचांत. दोरा तुटला की चुण्या क्षणात सपाट होतात आणि कापड पुन्हा पहिल्याइतकं लांब होऊन मांडीवर पसरतं. रडू यायचंच बाकी होतं.

बाईंनी फ्रॉक हातातही घेतला नाही. "एकच ओळ घातलीस ना? आणि एकेरी दोऱ्याने?" दोन्ही खरं होतं.

चुण्या घालायच्या म्हणजे धावदोरा घालायचा आणि ओढायचा, एवढंच मी समजून चालले होते. एवढंच असतं तर एका ओळीत भागलं असतं. पण एका ओळीवर ओढलेलं कापड त्या दोऱ्याभोवती नुसतं गोळा होतं. कुठे गठ्ठा, कुठे टक्कल. दोन ओळी असल्या की प्रत्येक चुणी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी धरली जाते आणि सरळ उभी राहते.

आमच्याकडे मापं सुतात सांगतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक सूत. शिलाईसाठी अर्धा इंच, म्हणजे चार सूत सोडले असतील, तर पहिली ओळ कडेपासून तीन सुतांवर आणि दुसरी पाच सुतांवर घालायची. म्हणजे मशीनची शिलाई बरोबर दोन ओळींच्या मधून जाते. खालची ओळ नंतर काढून टाकायची असते, म्हणून दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, उसवताना शोधावा लागत नाही. रेशमी कापडावर मात्र सुईची भोकं राहतात. तिथे दोन्ही ओळी चार सुतांच्या आतच बसवाव्या लागतात.

टाका केवढा घ्यायचा? पातळ सुतीला एक सूत, जाड कापडाला दोन. टाका मोठा घेतला की काम लवकर उरकतं, पण चुण्यांच्या जागी जाड जाड घड्या पडतात. आणि जी गोष्ट मला फार उशिरा कळली ती ही: खालच्या ओळीची सुई वरच्या ओळीच्या सुईखालीच वर यायला हवी आणि तिच्याखालीच आत जायला हवी. टाके मागेपुढे पडले तर दोन दोरे चुणीला दोन दिशांना खेचतात. सराव करायला बारीक चौकड्याचं कापड घ्या. चौकटीच्या रेघा टाका कुठे घ्यायचा ते आपोआप दाखवतात. मी जुन्या चौकड्याच्या शर्टाची पाठ कापून घेतली आणि त्या एका तुकड्यावर आठवडा काढला.

दोरा दुहेरी घ्या, नाहीतर पॉलिस्टरचं मजबूत रीळ आणा. सुरुवातीला पक्की गाठ मारा आणि शेवटी चार बोटं दोरा मोकळा सोडा. त्या टोकाला गाठ नाही, ते ओढायचं टोक. घेर लांबलचक असेल तर एकाच दोऱ्यावर सगळा भार टाकू नका. वीस-पंचवीस इंचांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा दोरा घाला.

आता खरं काम. माझ्या फ्रॉकचा योक, म्हणजे ज्याला घेर जोडतात तो छातीवरचा तुकडा, शिलाई सोडून अकरा इंच होता आणि समोरचा घेर बावीस, म्हणजे दुप्पट. सुतीला दुप्पट घेर शोभतो. मलमलीसारख्या पातळ कापडाला अडीच-तीन पटही चालतो, जाड कापडाला दीडपटच पुरे. ओढायच्या आधी दोन्ही तुकडे घडी घालून चार-चार भागांत खडूने खुणावून घ्यायचे. घेराचा एक भाग साडेपाच इंच, योकचा पावणेतीन. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून खुणेला खूण टाचणीने जोडायची आणि मगच दोरा ओढायचा. मी आधी सगळा घेर ओढून घ्यायचे आणि मग योकला जुळवत बसायचे, त्यामुळे चुण्या मधे दाटायच्या आणि काखेकडे कापड सपाट राहायचं. खुणा जोडल्यावर चुकायचं म्हटलं तरी पावणेतीन इंचांतच चुकता येतं.

ओढताना दोन्ही दोरे एकदम धरा. दोरा खेचायचा नाही, तो ताठ धरून कापड त्याच्यावरून मागे सारायचं, पडद्याच्या कड्या सरकवतो तसं. मापाला आलं की शेवटच्या टाचणीभोवती दोरा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा गुंडाळा. गाठ मारलीत तर नंतर अर्धा इंच कमीजास्त करता येत नाही. मग सुईच्या टोकाने एकेक चुणी खाली ओढून सरळ करायची. यात वेळ जातो. जाऊ द्या.

मशीनवर घालताना चुण्यांची बाजू वर ठेवा. खाली ठेवलीत तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर चुण्या आडव्या पडून शिवल्या जातात आणि ते कळतं सुलटं केल्यावर. इस्त्री फक्त टोकाने, खालून वर चुण्यांमध्ये शिरवायची. वरून दाबलीत की एवढी मेहनत चपटी.

धाग्याच्या दिशेचं थोडं. उभा धागा, म्हणजे किनारीला समांतर जाणारा, अंगावरही उभा आला तर चुण्या मऊ पडतात. म्हणून घेर पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत कापतात. पण भाचीला जुन्या साडीचा काठाचा परकर शिवायला घेतला तेव्हा हा नियम मोडावाच लागला, कारण काठ खाली हवा तर उभा धागा कमरेभोवती आडवा जाणार. अशा चुण्या जरा ताठ, फुगीर राहतात. त्यात मी हौसेने बावीस इंच कमरेला अडीच मीटर, म्हणजे जवळपास साडेचार पट घेर घेतला. पोरगी परकरात कांद्यासारखी दिसायला लागली. घेर तिपटीवर, सहासष्ट इंचांवर आणला तेव्हा कुठे कंबर दिसली. (आई म्हणाली, "नेफा शिवून नाडी घातली असतीस तर नाडीनेच चुण्या घातल्या असत्या." तेही खरंच.)

मशीनवर मोठा टाका ठेवूनही चुण्या घालता येतात, हल्ली मीही लांब झालरीला तेच करते. पण पहिले चार-पाच कपडे हातानेच करा. कुठे ओढायचं आणि कुठे थांबायचं हे बोटांना तिथेच कळतं.

पुढे ऑर्डरी घ्यायचा विचार असेल तर एक हिशोब आधी करा. माझी पहिली ऑर्डर तीन थरांच्या फ्रॉकची होती. कंबर चोवीस, पहिला थर अठ्ठेचाळीस इंच, दुसरा शहाण्णव, तिसरा एकशे ब्याण्णव. एकूण तीनशे छत्तीस इंच चुण्या, आणि मी शिलाई सांगितली साध्या फ्रॉकची! दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. आता भाव सांगायच्या आधी थर मोजते.

तो पहिला बेबी फ्रॉक अजून कपाटात आहे. आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा दीड इंच तुकडा तसाच राहिलाय, उसवायचा विसरलेला.