मॅन्युअलला एलिव्हेटर सुरूच होईना
जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल. ऑटोमध्ये सगळं सुरळीत, मॅन्युअलला मात्र बटण दाबूनही धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर ढिम्म. ऑपरेटर म्हणे, “भाऊ, मोटरच गेली.” पण पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरवर) बटणाच्या इनपुटचा दिवा लागत होता, म्हणजे तिथवर वायरिंग ठीक.

लॅपटॉप जोडून लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्राम) पाहिलं, तर वाय०ची, म्हणजे मोटरच्या आउटपुटची, कॉइल (ते ऑन-ऑफ करणारी खूण) दोन ओळींत: वर मॅन्युअल, खाली ऑटो. पीएलसी वरून खाली वाचत येतो आणि आउटपुट स्कॅनच्या, म्हणजे अशा एका फेरीच्या, शेवटी बाहेर टाकतो. वरच्या ओळीचं ‘ऑन’ खालची, मॅन्युअलला ‘ऑफ’ असलेली ओळ दर स्कॅनला पुसत होती. सॉफ्टवेअर डबल कॉइलचा इशारा देतं, पण तो वाचतो कोण!

मॅन्युअलला एम१०, ऑटोला एम११ हे पीएलसीच्या आतले मेमरी बिट दिले. शेवटच्या ओळीत दोघांचे कॉन्टॅक्ट समांतर जोडून (कुठलाही एक ऑन असला तरी पुरे) वाय०ची एकच कॉइल ठेवली. शेठ मिल थांबवायला तयार नव्हते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत उरकलं.