मानशीपुढे सुटी माती नको: पावसाआधीचा सल्ला

मान्सून गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात टेकतो, आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधांची डागडुजी आपण नेमकी मेच्या शेवटी काढतो. टिपर येतो, तांबडी माती बांधावर उलटतो, दोन माणसे फावड्याने ती वरवर सारवतात, बिल निघते. पहिल्या दोन जोरदार सरींनंतर ती माती थेट पोयीत, म्हणजे बांधाआतल्या पाण्याच्या डोहात, जाऊन बसते. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की या वेळचा सल्ला जवळजवळ याच एका चुकीवर खर्च करतो आहे.

काही वर्षांपूर्वी तिसवाडीतल्या एका मानशीवर, म्हणजे बांधातल्या भरती-ओहोटीच्या पाण्याच्या दारावर, जूनच्या सुरुवातीला मला बोलावले होते. पोयीत काळुंदरे उलटी तरंगत होती. गावात एकच बोलणे, कोणीतरी विष घातले. एक मासा उचलून कल्ला उघडला. आत लाल पाकळ्यांवर तांबड्या चिखलाचा लेप, अंगठ्याने पुसला की बोट माखत होते. माशाने विष नव्हे, बांध गिळला होता. मानशीपासून तीस पावलांवर टाकलेला मातीचा ढीग अर्धा वाहून गेला होता आणि उरलेल्यावर पाण्याच्या बारीक घळी पडल्या होत्या.

आता नीट समजून घ्या, कारण इथेच घोटाळा होतो. थोडे गढूळ पाणी वाईट नाही. नदीमुखात आणि खाजनात शेवट्याची पिल्ले, बारीक कोळंबी, चोणकाची पोरे आसरा घेतात ती याचसाठी. पाणी जरा गढूळ असले की बगळ्याला आणि मोठ्या माशाला ती दिसत नाहीत, शिवाय खायला भरपूर. कोळंबी अंडी घालते बाहेर समुद्रात, पण तिची पिल्ले भरतीबरोबर आत येऊन इथेच वाढतात. म्हणून पाणी आरशासारखे करायच्या मागे लागू नका.

त्रास देते ती चिकणमातीची गढुळी. ती कल्ल्यात अडकते, उजेड अडवते, त्यामुळे पाण्यातले हिरवे शेवाळ वाढत नाही आणि पिल्लांचा चारा कमी होतो. डोळ्यांनी टिपून खाणाऱ्या पिल्लाला समोरचे भक्ष्यच दिसत नाही. तिसऱ्या आणि खुबे पाणी गाळून खातात, त्यांना अन्नाऐवजी माती थुंकत बसावे लागते. काळुंदर आपली अंडी दगडाला, बुडालेल्या खुंटाला चिकटवते आणि नर-मादी दोघेही राखण करत पंखांनी त्यांवर पाणी हलवत राहतात. त्या अंड्यांवर गाळाचा थर बसला की आतल्या जिवाला हवा मिळत नाही, मग आईबापांनी कितीही वारा घातला तरी उपयोग नाही. झुआरी नदीत चिखलीच्या खाडीत, पूर्वी घरांच्या खिडक्यांना तावदाने म्हणून बसवत त्या चपट्या शिंपल्या अजून आहेत. त्या तळावर आडव्या पडून राहतात, त्यांच्यावर गाळ बसला तर सरकून जायची सोय नाही.

खाणींवर बोट दाखवणे सोपे आहे, आणि खाणींनी मांडवी-झुआरीत भरपूर माती ओतली हेही खरे. पण २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हाही पहिल्या पावसात आमच्या मानशीपुढचे पाणी तांबडेच होते. ती माती आमचीच होती.

आता दुकानदाराकडे वळू. पाणी लाल झाले की तो पाणी निवळवणारी पावडर, झिओलाइट, प्रोबायोटिक असे काहीबाही काढतो. आधी एक करून बघा. गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या भरा, एकीत चमचाभर मीठ टाका, हलवून ठेवा. मीठवाल्या बाटलीतली चिकण आधी खाली बसते. खारट पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, हे काम समुद्र फुकट करतो. पाणी खारट असताना पावडर घेणे म्हणजे पैसे नदीत टाकणे. पावसात पोय गोडी झाली की गाळ तरंगत राहतो हे मान्य, पण तेव्हाही हिशेब करा: १ हेक्टर तळे, १ मीटर पाणी म्हणजे १ कोटी लिटर. लिटरला २५ मिलिग्रॅम तुरटी धरली तरी २५० किलो लागते. वर तुरटीने पाणी आंबट होते, आणि खाजनाची माती मुळातच आंबटपणाकडे झुकलेली. दुसऱ्या पावसात पाणी पुन्हा लाल.

मग करायचे काय?

२० मेनंतर बांधावर सुटी माती टाकू नका. ही तारीख कुठल्या पुस्तकातली नाही, माझा अंदाज आहे, पण तो सहसा चुकलेला नाही. त्याआधी टाकलेली माती वीतभराच्या थराने धुमसून घट्ट करा आणि नारळाच्या चुडत्यांनी किंवा पेंढ्याने झाका, वर दगड ठेवा. उताराच्या पायथ्याशी पोयीच्या बाजूने हातभर रुंद चर काढा म्हणजे वाहून आलेली माती तिथेच अडकेल. बांध मध्येच खचला तर गोणीत चिकण भरून लावा, मोकळा ढीग नको. खाजनातली काळी चिकण उकरून उन्हात उघडी ठेवू नका, वाळल्यावर पहिल्या पावसात तिच्यातून आंबट पाणी सुटते. बांधाबाहेरची चिपी-कांदळ ही खारफुटीची झाडे तोडू नका, त्यांची मुळे गाळ धरतात आणि लाटही मोडतात.

बाकीची कामे:

– मानशीच्या दारांची फटी-भोके, बिजागऱ्या, कडेचे दगड तपासणे
– बांधातली कुर्ल्यांची बिळे बुजवणे
– मानशीपुढचा साचलेला गाळ ओहोटीला काढणे
– विक्रीजोगे मासे पावसाआधी काढणे
– भाताचे बियाणे (कोर्गुट किंवा गोवा धान) वेळेत घेणे
– जाळी धुऊन वाळवणे

मासे-कोळंबीच्या तळेवाल्यांसाठी: पाण्याचा सामू (पीएच) ७.५ ते ८.५ ठेवा. जोरदार पावसानंतर तो ७.५ खाली गेला तर हेक्टरी १०० ते २०० किलो शेतीचा चुना, आधी मोजून मगच. वरचे गोडे पाणी दाराच्या वरच्या फळ्या काढून सोडा. पारदर्शकता ३० ते ४५ सेंटिमीटर बरी. त्यासाठी रंगाच्या डब्याचे पांढरे झाकण दोरीला बांधून सोडा, दोरीवर गाठी मारा, झाकण दिसेनासे होते ती गाठ वाचा. दुपारच्या आसपास मोजा. पाणी हिरवट असून झाकण ३५ला लपले तर निश्चिंत राहा. तांबडे असून १५ला लपले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन ओहोटीला मानशीवर जा. त्या पाण्याबरोबर पोयीतली बारीक कोळंबी नदीकडे निघालेली असते. दारातून येणाऱ्या पाण्यात तांबड्या रंगाची पट्टी दिसली तर ती बांधाच्या कुठल्या बाजूने येते ते मागे चालत जाऊन शोधा, आणि तिथे त्याच रात्री चुडते टाका.