मे महिन्याचा लेखन-वाचन वर्ग : पोरं यायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

पहिलं हॉलचं बघा, बाकी सगळं त्यावर अडतं. कोल्हापुरात पेठेत तालमीचा नाहीतर मंडळाचा हॉल मिळतो, पंखे असतात, चटया असतात, पण भिंतीवर फुटबॉल टीमचे फोटो आणि ढाली पण असतात आणि पोरं निम्मा तास तिकडंच बघत बसतात, त्यामुळं बसताना पाठ त्या भिंतीकडं येईल असं करायचं. (आणि पाटाकडील आणि शिवाजी मंडळ या एकमेकांसमोर खेळणाऱ्या फुटबॉल टीमांची पोरं एका चटईवर बसवू नका, मी गंमत करत नाही.) वेळ सकाळी आठ ते दहा. दुपारी ठेवलात तर कधी वळीव येईल सांगता येत नाही, लाईट जाते, पत्र्यावर असला आवाज होतो की पोरगं वाचून दाखवतंय ते शेजारच्याला पण ऐकू येत नाही.

पाचवी ते सातवीची वीस पोरं घ्या, बास. ओळखीचे फोन येतात, आमचा पण एक घ्या की म्हणून, पण हिशोब बघा : सुरुवातीची १० मिनिटं तुम्ही बोलणार आणि एकच गोष्ट शिकवणार, मग ३५ मिनिटं ती लिहिणार आणि तुम्ही एकेकाजवळ खाली बसून बोलणार, मग वाचन, शेवटी दोघं-तिघं आपलं वाचून दाखवणार. एकाला ४ मिनिटं धरली तरी त्या ३५ मिनिटांत आठच होतात, म्हणजे वीस पोरांची एक फेरी पुरी व्हायला तीन दिवस. तीस घेतली तर तीन दिवसांनंतर सुद्धा कुणीतरी राहिलेलं असतंय, आणि ते गप्प बसणारंच असतंय. यासाठी आपली एक वही आधीच आखून ठेवा, प्रत्येकाला एक पान, तारीख आणि एक ओळ, काय लिहितोय आणि कुठं अडलाय एवढंच.

सामान फार लागत नाही. एकरेघी १०० पानी वह्या सगळ्यांना सारख्या, पेन्सिली टोक करून तीसेक, कारण टोक करायच्या नावाखाली पोरं कोपऱ्यात जी जमतात ती परत येत नाहीत. जेल पेन नको, मी एका वर्षी हौसेनं आणलेली, मेच्या घामात सगळ्यांचे तळवे निळे. खोडरबर मी देतच नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढं जायचं, खाली आधी काय होतं ते दिसलं पाहिजे.

आणि लाल पेन घरी ठेवायचं. हे मी चूक करून शिकलोय. पहिल्याच वर्षी एका सहावीतल्या पोरीनं लिहिलं होतं, ‘मी मामाच्या शेतात गेलो आणि विहिरीत पाय सोडून बसलो’, मी ‘गेलो’ला आणि ‘बसलो’ला गोल केला, वर ‘गेले’, ‘बसले’ लिहिलं, खूश झालो. ती म्हणाली, “मॅडम, आम्ही असंच बोलतो की.” मग दोन दिवस तिनं तीन-तीन ओळी लिहिल्या, शुद्ध, आणि विहीर कुठं गेली कुणास ठाऊक. खरं तर मी स्वतः दारात चप्पल काढताना आईला “आलो गं” म्हणूनच हाक मारतो, कोल्हापुरात निम्म्या बायका तसंच बोलतात, मग वर्गात आल्यावर मला काय झालं होतं? आता पहिला खर्डा जसा येईल तसा येऊ देतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ ला १४ आले, १९७२ ला आणखी ४, त्यात सुद्धा कुणाच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणं लिहायला सांगितलंय. मग एक दिवस संवादाचा धडाच करा, आजी कशी बोलते ते तसंच उतरवायचं, आणि निवेदन कुठल्या भाषेत ठेवायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. परीक्षेत ‘गेले’ लिहावं लागतं हे पण सांगायचं, लपवायचं नाही. र्‍हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात, एका वेळी एकच : शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. तेवढ्यानं निम्म्या चुका जातात.

विषय आधी लिहून नेऊ नका. ‘माझा आवडता प्राणी’ दिलंत की वीसच्या वीस कुत्री इमानदार निघतात. एका पोराला काही सुचेना, मी विचारलं, सकाळी उठून काय केलंस? तर आजोबांबरोबर म्हैस घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेला होता. मग त्यानं दीड पान लिहिलं, गिऱ्हाईक ग्लास पुढं धरतंय, आजोबा त्यातच धार काढतात, फेस खाली बसायची वाट न बघता लोक पितात, आणि म्हैस मात्र सारखी रिक्षाकडं बघत असते.

वाचनाला ६० तरी पुस्तकं गोळा करा, म्हणजे कुणालाही तीनातलं एक निवडता येतं. नुसत्या गोष्टी नकोत, खेळाची, स्वयंपाकाची, पेपरच्या पुरवण्या, बियाणांची पाकिटं सुद्धा चालतात. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक परत पेटीत, लाज नाही. अडतात कुठं ते मात्र आधी बघून ठेवा. एक तक्ता करा ‘र’चा, सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दुसऱ्या, एकच अक्षर चार वेष घालतंय हे कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरं म्हणजे ‘चार’ आणि ‘चारा’ यातले च वेगळे, ‘जग’ आणि ‘जगणं’ यातले ज वेगळे, पण कागदावर खूण काहीच नाही, त्यामुळं पोरगं चुकीचा च वाचून थांबलं तर ते ढ नाही, शब्द कानावरून गेलेला नाही एवढंच. म्हणून रोज पाच मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा, घरी एकदा वाचून जा. एक सकाळ करवीर नगर वाचन मंदिरासाठी ठेवा, १८५० पासूनचं वाचनालय आहे, कपाटं बघूनच पोरं हळू बोलायला लागतात, पण वीस पोरं घेऊन येणार हे आधी जाऊन सांगून या.

पालकांना एकदाच सांगायचं, वही घरी मिळणार नाही, शेवटच्या दिवशी येऊन ऐका. त्या दिवसासाठी प्रत्येकाचं एक पान झेरॉक्स करून पुस्तिका शिवायची, स्टेपलरच्या पिना दोन डब्या घ्या, एक कमी पडते. आणि हॉलची किल्ली आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या, सकाळी साडेसातला किल्लीवाला चहाला गेलेला असतो आणि फोन हॉलमध्येच चार्जिंगला असतो.