जिभेच्या कॅन्सरवर थिसिस घेताय? आधी रजिस्टर बघा

नागपुरात ओरल पॅथॉलॉजीत एमडीएसला (डेंटलच्या पीजीला) आलात की जिभेच्या कॅन्सरचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) शोधत फिरावं लागत नाही. खर्‍याची कृपा, तंबाखू-सुपारीच्या त्या मिश्रणाची. भंडारा, गडचिरोली, छिंदवाडा, सगळीकडून पेशंट इथेच येतात. मग वाटतं, एखादं प्रोटीन निवडू, आयएचसी (अँटिबॉडीने प्रोटीन रंगवून दाखवणारी चाचणी) करू, सिनॉप्सिसला ‘प्रोग्नॉस्टिक मार्कर’ (आजार पुढे कसा जाईल ते सांगणारी खूण) असं नाव देऊ, झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी केआय-67 (पेशी किती वाढताहेत ते दाखवणारं) आणि पी53 (पेशींची वाढ आवरणारं) ही दोन प्रोटीन घेतली. पहिल्याच बॅचचे सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) सायट्रेट बफर उकळताना स्लाइडवरून सुटून तरंगायला लागले. साध्या स्लाइडवर घेतले होते, कोटेड हव्यात हे कोणी सांगितलंच नव्हतं. पुढची बॅच पूर्ण कोरी, रंगच नाही. पण सोबतचा टॉन्सिलचा कंट्रोलही (जिथे रंग यायलाच हवा अशी तुलनेची स्लाइड) कोराच होता, म्हणजे दोष पेशंटच्या गाठीत नाही, आमच्या कामात. रात्री लाइट गेली होती आणि अँटिबॉडी फ्रीजमध्ये कोमट झाली होती. कंट्रोल न लावता केलेली स्लाइड माझ्या मते कचऱ्यातच टाकावी.

पी53 फसवं आहे. जीन बिघडलं की बहुतेकदा प्रोटीन साचतं आणि केंद्रकं गडद तपकिरी होतात. पण काही म्युटेशनमध्ये ते तयारच होत नाही, तेव्हा कोरी गाठसुद्धा बिघाडच सांगते. अट एकच, शेजारच्या नॉर्मल पेशींत तुरळक फिका रंग दिसला पाहिजे. मी अशा कोऱ्या केसेस ‘निगेटिव्ह’ म्हणून नॉर्मलच्या रांगेत बसवल्या होत्या. गाईडने सगळं परत बघायला लावलं.

पी16 च्या (एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरची खूण असलेल्या प्रोटीनच्या) मोहात पडू नका. ते कामाचं आहे घशाकडच्या, जिभेच्या मुळाच्या गाठीत. पुढच्या दोन-तृतीयांश जिभेत त्यावरून स्टेज बदलत नाही. जुन्या फॉर्मवर नुसतं ‘टंग’ लिहिलेलं असेल तर ऑपरेशन नोट काढून जागा नक्की करा.

मार्कर काहीही म्हणो, त्याला गाठीच्या खोलीपेक्षा जास्त काही सांगता आलं पाहिजे. एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेजचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) आठव्या आवृत्तीपासून 5 आणि 10 मिमी खोलीवर टी-स्टेज, म्हणजे मूळ गाठीची स्टेज, बदलते. जुन्या रिपोर्टांत खोली नसते, स्वतः मोजावी लागते, तीही गाठीच्या माथ्यापासून नाही, शेजारच्या नॉर्मल म्युकोसाच्या पातळीपासून.

एवढं करूनही प्रोग्नोसिस स्लाइडवर नसतोच. पेशंट पुढे किती जगला, ते पेशंटांच्या रजिस्टरमधल्या फोन नंबरमागे असतं. म्हणून विषय ठरवण्याआधी रजिस्टर उघडा, किती नंबर लागतात ते बघा, आणि फोन करायची परवानगी एथिक्स कमिटीच्या अर्जातच मागून घ्या. जो सापडत नाही त्याला जिवंत धरायचं नाही. शेवटच्या ओपीडीच्या तारखेला सेन्सॉर करायचं, म्हणजे त्याचा हिशेब तिथेच थांबवायचा. काही नंबर बंद होते, एक तर पानठेल्याचा निघाला.

एका आजींच्या घरी मुलाने फोन उचलला.

“माय तं गेली ना मॅडम, पोळ्याच्या दोन दिवस आधी.”

“कोणत्या वर्षी, दादा?”

“बोंडअळीनं कपाशी खाल्ली ना, त्याच वर्षी.”

बोंडअळी 2017 ची. कॅलेंडर काढलं, पोळा 21 ऑगस्टला होता. एक्सेलमध्ये त्यांच्या नावापुढे 19-08-2017 टाइप केलं आणि पुढचा नंबर लावला.