ख्मेर शास्त्रीय नृत्य: लहान मुलांकडून पायाभूत सराव कसा करून घ्यावा

कंबोडियात सहा-सात वर्षांची मुलं या नृत्याचे धडे गिरवू लागतात, कारण त्या वयात सांधे लवचिक असतात. सरावाला अंगासरशी बसणारा आखूड बाह्यांचा सदरा आणि काष्ट्यासारखा मागे खोचलेला साम्पोत चांग क्बेन (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) घालावा. सैल कपड्यात पाठ आणि गुडघे नीट दिसत नाहीत आणि चूक तशीच राहून जाते.

सुरुवात बोटांपासून. दुसऱ्या हाताच्या तळव्याने चारही बोटं एकत्र धरून मुळापासून सावकाश मागे न्यावीत, वीस आकडे मोजेपर्यंत थांबावं, मग हात बदलावा. तीन-चार वेळा पुरे. मुलं घाईने फक्त टोकं ओढतात. त्याने पेरं दुखतात आणि हवा तो बाक येतच नाही. ताण जाणवावा, कळ येऊ नये. कळ आली की तिथेच थांबवावं. त्यानंतर कोपर: मांडी घालून बसावं, हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत, दोन्ही कोपर गुडघ्यांच्या मध्ये धरून हळूच आत दाबावेत. इथे मोठ्यांनी जोर लावू नये.

मग उभं राहणं, आणि खरी कसोटी इथेच. गुडघे वाकलेले, कंबरेपाशी पाठीला बाक, छाती पुढे, खांदे खाली, पायाची बोटं वर वळलेली. मूल थकलं की आधी गुडघे सरळ होतात, मग खांदे कानाकडे चढतात. म्हणून सुरुवातीला दोन मिनिटं धरायला लावून विश्रांती द्यावी. वेळ वाढवण्याआधी ठेवण पक्की करावी.

हस्तमुद्रांना ‘क्बाच’ म्हणतात. झाड, पान, फूल, फळ या क्रमाने शिकवलं की मुलांना त्या चटकन लक्षात राहतात. ‘पान’ करताना चार बोटं मागे वळतात आणि अंगठा तळव्याकडे येतो. अंगठा बाहेर सुटला तर मुद्रा बिघडते.

यानंतर ‘छा बान्चोस’ ही मूलभूत हालचालींची मालिका, आधी संथ, मग जलद. पाय चालू झाले की बोटं ढिली पडतात, कारण सगळं लक्ष पायांकडे जातं. त्यामुळे पहिले काही दिवस बसूनच हात करून घ्यावेत. पिनपीट वाद्यवृंदाची साथ नंतर. तोवर टाळ्यांवर मोजणी चालते.

नेआंग (स्त्री), नेआयरोंग (पुरुष), येआक (राक्षस) आणि स्वा (माकड) यांपैकी भूमिका गुरू मुलाची शरीरयष्टी व चेहरा पाहून ठरवतात. पालकांनी आपली पसंती रेटू नये. येआकला रुंद, जड पवित्रा लागतो, स्वाला उड्या आणि कोलांट्या. नेआंग शिकणाऱ्या मुलीला तो सराव नुसता थकवतो.